ढिगावरची तूर

“मॅडम, पोकलेन सकाळपासून उभं हाय अन् तुमच्या त्या मातीच्या ढिगावर चाची बसून हाय. तुमी या, नाई तं मी घरी जातो.”

फोनवर इंगळे होते, कंत्राटदाराचे साइट इन-चार्ज. घरी जायची धमकी ते आठवड्यातून दोनदा देत, आणि गेले कधीच नाहीत. आवाज मात्र असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरूनही सगळं ऐकू यायचं. मी कळंबच्या बाजूला दुसऱ्या साइटवर होते. डबा तसाच बंद केला आणि जीप घाटंजीच्या रस्त्याला घातली.

माझं काम आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते कधी नीट कळलं नाही. नैसर्गिक वायूची पाइपलाइन जमिनीखालून जाते. जमीन शेतकऱ्याचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. त्याला आम्ही आर-ओ-यू म्हणतो. त्या पट्ट्यात खोल चर खणायचा, पाइप जोडून आत सोडायचा, चर बुजवायचा आणि जमीन होती तशी करून परत द्यायची. ‘होती तशी’ झाली की नाही हे बघणारी मी, एन्व्हायर्नमेंट इन्स्पेक्टर. नाल्यात राडारोडा पडला, झाड विनाकारण तुटलं, चरात घोरपड अडकली, सगळं माझ्याकडे. पण सगळ्यात मोठं काम मातीचं. वरची काळी माती वेगळी काढून एका ढिगात, खालचा पिवळा मुरूम दुसऱ्या ढिगात. बुजवताना आधी मुरूम, शेवटी काळी. दोन्ही एकत्र झाले की त्या पट्ट्यात पुढे कित्येक वर्षं पीक पिवळं पडतं. मी यासाठी इतकी भांडायचे, की लाइनीवर माझं नावच ‘मातीवाली मॅडम’ पडलं होतं. मला ते आवडायचं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या यवतमाळचं नाव पेपरात दिसलं की आम्ही पान उलटायचो. वावरापाशी जीप थांबली की लोक आधी विचारायचे, कोणत्या चौकशीसाठी आलात? आम्ही तर गॅसची लाइन घेऊन गेलो होतो, आणि ज्यांच्या शेतातून ती जाणार त्यांच्या चुलीला त्यातला वाटीभर गॅसही मिळणार नव्हता. तरी लोक चहा पाजत. या माणसांवर माझा जीव का, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

जैबूनचाचीचं वावर घाटंजीच्या अलीकडे, नाल्याला लागून. मुलगा रशीद गावात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि शेत म्हातारी एकटी बघायची. पट्टा नेमका तिच्या सगळ्यात चांगल्या काळ्या जमिनीतून गेला होता. उन्हाळ्यात आम्ही चर खणला, दोन ढीग घातले आणि नाल्यापाशी अडलो. पाइप वेळेवर आले नाहीत, पाऊस मात्र आला. काळ्या मातीत पावसाळ्यात मशीन घालणं म्हणजे ते तिथेच सोडून येणं. इंगळेंनी चर तात्पुरता झाकला आणि ढीग ठेवून सगळे परतले.

आता डिसेंबर होता. मी पोचले तेव्हा चाची दिसलीच नाही. ढिगावर डोक्याएवढी उंच तूर उभी होती, शेंगांनी वाकलेली. त्यात मधोमध पांढरी ओढणी हलत होती. पोकलेनचा ऑपरेटर केबिनमध्ये बसून उकडलेल्या शेंगा सोलून खात होता. त्या चाचीनेच आणल्या होत्या. ज्याचं मशीन अडवलं त्यालाच खाऊ घालायचं, ही पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

“पाहा मॅडम,” इंगळे म्हणाले. “आर-ओ-यूत पीक घेऊन राह्यली बाई. अतिक्रमण हाय हे! चार दिवसांत मशीन पुढच्या सेक्शनले जाते. सगळ्या लाइनीत एवढाच तुकडा बाकी हाय.”

“चाची,” मी हाक मारली. घाटंजीत गेले की माझी भाषा आपोआप बदलते. “उतरा ना खाली. काहून बसल्या?”

“तू आली का, बेटा? आता उतरतो.” ती तुरीतून बाहेर आली, पण ढिगाच्या काठावरच बसली. “ह्या साहेबाले म्या इचारलं, माती कशी टाकून राह्यला? तं म्हणे, एका दिवसात दोन्ही ढीग लोटून मोकळा होतो. दोन्ही ढीग! एकदम!”

मी इंगळेंकडे पाहिलं. इंगळेंनी नाल्याकडे पाहिलं.

“तुरीचा पंचनामा करतो म्हटलं ना मी,” ते पुटपुटले. “नुकसानीचं सारं लिहून देतो.”

“पंचनाम्यात माती येते का?” चाचीने विचारलं.

पंचनाम्यात पीक येतं, झाड येतं, विहीर येते. मातीचा रकानाच नसतो. इतकी वर्षं त्या फॉर्मवर सह्या करून मला ते कधी खटकलं नव्हतं.

“पण चाची, ढिगावर तूर टोबली कायले?” मी विचारलं.

“कायले म्हणजे? पाऊस पडून राह्यला होता अन् माही माती नाल्यात जाऊन राह्यली होती. काळं पाणी, बेटा. मी धुऱ्यावर उभी राहून पाहून राह्यली होती. तुमच्यातलं कोणी आलं नाई. मंग म्या टोबली. तूर मुळानं धरते मातीले. मले शेंगा नाई पाह्यजे. शेंगा त्या पोट्ट्याले दे.”

पोट्ट्या म्हणजे ऑपरेटर. तो नातवंडं असलेला माणूस होता.

तेवढ्यात माझ्या डोक्यात काहीतरी हललं. ढीग पावसाळाभर राहणार असेल तर त्यावर गवत पेरून माती धरून ठेवायची, ही कंत्राटदाराची जबाबदारी. जुलैत मी इंगळेंना एनसीआर दिला होता. एनसीआर म्हणजे ‘हे काम ठरल्याप्रमाणे झालेलं नाही’ असं सांगणारा कागद. रस्ता चिखलात बंद होता, म्हणून मी जाऊ शकले नव्हते. ऑगस्टमध्ये इंगळेंनी फोटो पाठवला. नाल्यापलीकडून काढलेला, हिरवागार ढीग. खाली लिहिलेलं, ‘गवत पेरणी पूर्ण.’ मी एनसीआर बंद केला आणि महिन्याच्या रिपोर्टात लिहिलं, ढिगावर गवताचं आच्छादन चांगलं.

जीपमधून फाइल आणली. फोटो काढून इंगळेंच्या हातात दिला.

“इंगळे, गवत ओळीत उगवतं का हो?”

फोटोत हिरव्या रेघा सरळ दिसत होत्या. कोपऱ्यात एक पांढरा ठिपका होता. ऑगस्टमध्ये मला तो बगळा वाटला होता. चाचीने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि खुदकन हसली.

“अगे बाई, ही तं मी! निंदून राह्यली.”

मृदाशास्त्राची पदवी घेतलेली बाई मी. ओळीत पेरलेली तूर मला गवत वाटली आणि निंदणारी म्हातारी बगळा. अशी लाज मला नोकरीत दोनदाच वाटली. दुसरी वेळ सांगणार नाही.

इंगळेंचा चेहरा पडला. “गवताच्या बियाची थैली लोहाऱ्याच्या गोदामातच राह्यली मॅडम. मी इथं आलो, ढीग हिरवा दिसला. म्हटलं, देवानं केलं.”

“देवानं नाई, म्या केलं,” चाची म्हणाली.

म्हणजे ज्या कामासाठी इंगळेंची फाइल स्वच्छ होती, ते काम चाचीने केलं होतं, आणि त्याच कामाला ते आता अतिक्रमण म्हणत होते. मी हे त्यांना सांगितलं. मोठ्यानेच सांगितलं. पण त्याने प्रश्न सुटत नव्हता. पाइप थांबणार नव्हता, तूर पिकायला अजून महिना होता, आणि चाची शेंगा नको म्हणाली तरी तिचं उभं पीक मोडायला मी तयार नव्हते.

मार्ग तसा सरळ होता. काळी माती शेवटीच पडायची. मग पाइप आता सोडा, मुरूम आता भरा, आणि काळा ढीग तूर निघेपर्यंत राहू द्या. जानेवारीत छोटा जेसीबी आणून माती पसरा.

“दोनदा मशीन आणू?” इंगळे ओरडले. “माहा साहेब मले कच्चा खाईल.”

“तुमच्या साहेबांच्या आधी माझ्या साहेबांशी बोलते,” मी म्हटलं आणि नागपूरला फोन लावला. आधी स्वतःचीच चूक सांगायची होती.

माझे साहेब मोजकं बोलत. सगळं ऐकून म्हणाले, “म्हणजे तुमचा ऑगस्टचा रिपोर्ट चुकीचा.”

“हो, सर.”

“न बघता लिहिलात.”

“हो, सर.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“स्पेसिफिकेशनमध्ये आच्छादन म्हणजे गवतच, असं आहे का?”

“नाही सर. ‘माती धरून ठेवणारी वनस्पती’ असं आहे.”

“तुरीला मनाई आहे?”

“नाही.”

“मग म्हातारीनं तुम्हा दोघांना वाचवलं. काळी माती शेवटी टाका. आणि तो रिपोर्ट दुरुस्त करून पाठवा. कोणाला टाइप करायला देऊ नका, स्वतः लिहा.”

मी फोन ठेवला आणि चाचीला सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल. ती ढिगावरून उठलीच नाही.

“पाइप टाकला, मुरूम टाकला, की तुमचं काम झालं. मंग हा ढीग पसराले कोण येते? माह्या जल्मात परत आलेला साहेब म्या पाह्यला नाई, बेटा.”

याला माझ्याकडे उत्तर होतं. सेक्शनच्या शेवटच्या कागदावर माझी सही लागते, माती पडेपर्यंत मी ती करणार नाही, वगैरे. मी बोलले सगळं. चाची ऐकत होती, पण तिचा हात मातीतच होता. कागद तिने आयुष्यात बरेच पाहिले असणार.

मग इंगळे पुढे झाले. डोक्यावरचं हेल्मेट काढलं. पांढरं, समोर नाव रंगवलेलं. साइट इन-चार्जचा सगळा रुबाब त्यात असतो.

“घ्या चाची. माहं डोस्कं ठेवून जातो तुमच्यापाशी. माती पसरली की वापस द्या.”

चाचीने हेल्मेट उलटंसुलटं करून पाहिलं, टकटक वाजवलं, आणि तुरीत रोवलेल्या एका काठीवर बसवलं. “पाखरायले भेव राहीन,” म्हणाली आणि खाली उतरली. चौथ्या दिवशी पाइप चरात होता आणि त्यावर मुरूम दाबून भरलेला होता.

जानेवारीत माझी खरी परीक्षा होती. इंगळेंची बदली पांढरकवड्याच्या बाजूला झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला ढीग कोणता, तूर कोणती, काही माहीत नव्हतं. मी दोनदा पत्र लिहिलं, तीनदा फोन केला. शेवटी एका सकाळी काही न सांगता स्वतःच घाटंजीला गेले, आता चाचीला काय तोंड दाखवायचं असा विचार करत.

वावरात जेसीबी चालू होता. बाजूला इंगळे, उघड्या डोक्याने.

“तुमी कायले आल्या?” ते म्हणाले. “मी डोस्कं ठेवून गेलो होतो ना इथं.”

मला इतका आनंद झाला की मी त्यांना खूप रागावले. त्या नव्या माणसाला मी एवढे फोन केले, तुम्ही येणार हे मला कळवायला काय झालं होतं? ते हसत राहिले.

तूर कापून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रचली होती. चाची चराच्या कडेला उभी राहून एकेक बकेट तपासत होती. पिवळं ढेकूळ दिसलं की हात वर करायची, जेसीबी थांबायचा, ती वाकून ढेकूळ उचलून बाजूला फेकायची. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत एवढं कडक इन्स्पेक्शन मी केलं नव्हतं. दुपारी काम संपलं. चाचीने हेल्मेट आणलं, तुरीच्या दाण्यांनी काठोकाठ भरलेलं, आणि इंगळेंच्या हातात ठेवलं. इंगळेंचे डोळे भरून आले. धूळ गेली म्हणाले. तिथे धूळ नव्हती.

सही मी तेव्हाही केली नाही. एक पावसाळा जाऊन पीक उभं राहिलेलं पाहिल्याशिवाय ती करत नसत. त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास गेले तेव्हा चाचीने पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली होती. काळ्या जमिनीत ती कमरेच्या वर गेली होती आणि बोंडं फुटायला लागली होती.

“आता सांग,” चाची म्हणाली, “तुहा पाइप कुठून गेला? अन् ते पिवळे खांब पाहाचे नाई.”

शेताच्या दोन टोकांना कंपनीचे खुणेचे खांब असतात. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि शेतात शिरले. खाली वाकून पानं पाहिली, माती चोळून पाहिली, झाडांची उंची पाहिली. वीस मिनिटं फिरून एका जागी बोट दाखवलं. तिथली झाडं जरा पिवळी होती.

“हाट! तिथं पाणी साचते, माह्या सासऱ्याच्या जमान्यापासून.”

“मग कुठून?”

चाची तोंडावर ओढणी घेऊन हसत होती. तिला बोलताच येईना.

“तू उभी हाय ना, तिथून.”

मी पायाखाली पाहिलं. काळीभोर माती होती, बाकीच्या शेतासारखीच. तिथेच उभी राहून फाइल गुडघ्यावर ठेवली आणि सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘पाइपलाइनची जागा इन्स्पेक्टरला सापडली नाही.’ नागपूरहून या शेऱ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

नवीन इन्स्पेक्टरांना मी आता एवढंच सांगते. फोटोत हिरवं दिसलं तर जाऊन बघा काय आहे ते. आणि बगळा दिसला, तर त्याला नाव विचारा.