मोठी मरळ

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरची गोष्ट. साहेब नवे, कचेऱ्या नव्या, पाऊस मात्र जुन्याच हट्टाला पेटलेला. गावतळं आटून अंगणाएवढं उरलं होतं आणि त्यावर शेवाळाचा हिरवागार थर. दुष्काळात एवढं हिरवं बघून जीव निवायला हवा, पण अंगावर काटाच यायचा.

कोंडाबाई भोईण त्या तळ्यावर जगली. नवरा गेल्यावर जाळं तिनंच खांद्यावर घेतलं. नाकं मुरडणाऱ्यांना ती म्हणे, "मासळीला काय कळतंय, बाई हाय का बाप्या?" गावाला फाडून खाणारी ही बाई लेकीपुढं मात्र लोणी. लेक धुरपता पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. गरवार लेकीला जाळ्यातली सगळ्यात मोठी मासळी घालायची, ही तिच्या घरची रीत. बारकी मासळी बाजारात जाई, मोठी मरळ धुरपताच्या ताटात.

हल्ली तळ्याकाठची मांजरं चमत्कारिक वागत. चालता चालता कलत, स्वतःभोवती गरगर फिरत आणि सरळ पाण्यात जात. आवाज म्हणून करत नसत. तळ्याला बाहेरचं लागलं, असं सगळे म्हणाले. कोंडाबाईनं नारळ फोडला.

नांदेडच्या कॉलेजातल्या विनीताबाई मागं शेवाळ बाटलीत भरून तपासायला घेऊन गेल्या होत्या. त्या एका दुपारी परत आल्या.

"मावशी, इथं बियाण्याची पोती कुणी धुतली का?"

"आमीच की. दोन सालं पेरणी न्हाई, गोदामातलं बी सडलं, रिकामी पोती गावाला दिली. आधी गुलाबी पाणी निघालं, मग पांढरीफेक झाली. अंथरायला लई चांगली."

"बियाण्याला चोळलेल्या त्या गुलाबी औषधात पारा होता." विनीताबाई शेवाळाकडं बघत होत्या. "पाण्यात तो नावालाच आहे. पण शेवाळ त्याला शोषून धरतं, पाण्याच्या हजारो पट. शेवाळ किडे खातात, किड्यांना बारकी मासळी, बारकीला मरळ. दर घासाला पारा वाढतो. मोठ्या मरळीत सगळ्यात जास्त. गरवार बाईनं तर शिवूसुद्धा नये, पोटातल्या बाळाच्या मेंदूत जातो तो."

 जाळं तिथंच टाकून कोंडाबाई घराकडं पळत सुटली. आपल्याच हातानं आपण काय वाढलं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

धुरपता चुलीपाशी बसली होती. ताटात नुसते काटे.

"थांबणार होते गं, आई," ती लाजत म्हणाली, "पण दोन जिवांची भूक हाय ना."