सावडीतला चाचीचा नंबर

चाचीचा नंबर मी पळवला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं मी बराच आनंदानं लिहिणार आहे आणि त्या भरात ते निसटायला नको. ती चूक मी कुणाच्या धाकानं केली नाही, नाइलाजानंही नाही. मी ती हसत हसत, जवळजवळ उड्या मारत केली.

युद्ध जिंकून दोन-तीन पावसाळे झाले होते. पाचवी पंचवार्षिक योजना आली होती, आणि मी नुकताच ग्रामसेवक होऊन मुळशी धरणाच्या काठावरच्या एका लहानशा गावात आलो होतो. पुण्याच्या पेठेत वाढलेलो. भाताचं रोप आणि गवत यांतला फरक मला चार वेळा विचारावा लागे. पण रेडिओवर योजनेबद्दल कुणी बोलू लागलं की मी उभा राहून ऐके. ज्या देशानं शत्रूला हरवलं तो भुकेला हरवणार नाही का, परदेशी जहाजातून येणारा गहू आता कशाला हवा, असं माझ्या डोक्यात दिवसभर घुमत असे. झोपेतही मी कुणाला तरी खताच्या मात्रा समजावत असे म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात मारुतीच्या पारावर माणसं जमवून मी योजना सांगितली. हात हवेत फिरवून सांगितली. ऐकून झाल्यावर एक म्हातारे पाटील तंबाखू मळत म्हणाले, "भाऊसाहेब, ही पाचवी म्हंता. मग पयल्या चार कुटं गेल्या?"

"त्या झाल्या, आजोबा."

"हितं न्हाई आल्या. धरणाच्या पल्याड उतरल्या आसतील. लाँच चुकली आसंल त्यांची."

सगळा पार हसला. मीही पोट धरून हसलो. अपमान झाला हे मला घरी गेल्यावर कळलं, आणि तेव्हाही मला हसूच आलं. ते दिवसच तसे होते.

घर म्हणजे चाचीच्या घराची पुढची खोली. गावातलं ते एकच मुसलमान घर. चाचा बांगड्यांची पेटी घेऊन पौडपासून पुढं आठवड्याचे बाजार करत, शेती चाची बघे. डोंगराच्या पायथ्याला तिचं भाताचं एक खाचर होतं आणि त्यात ती फक्त आंबेमोहोर लावी. तिच्या घरी भात शिजू लागला की रस्त्यानं जाणारा माणूस पावलं हळू करी. त्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, आणि लग्नाचा पुलाव घरच्या तांदळाचाच, असं तिनं सोयऱ्यांना सांगून टाकलं होतं. "दुकानचा तांदूळ घातला तर माझी लेक नांदंल, पर मी पंगतीत तोंड दावायची न्हाई," ती म्हणे.

आता सावडीबद्दल सांगायला हवं. मुळशीच्या पावसात भाताची आवणी, म्हणजे वाफ्यातलं रोप उपटून खाचरात लावणं, एकट्या घराच्यानं होत नाही. म्हणून सगळी घरं मिळून एकेका घराचं खाचर लावतात. आज याचं, उद्या त्याचं. हीच सावड. कुणाचा नंबर कधी, हे पाऊस पडायच्या आधी पारावर ठरतं. यात एक नियम कडक. आपला नंबर ज्यानं सोडला तो रांगेच्या शेवटी जातो. अदलाबदल करू दिली तर रोज भांडणं होतील, आणि रोप काही भांडण मिटेपर्यंत थांबत नाही. ते वाफ्यात जून होतं, मग लावून उपयोग नसतो. हा नियम मला माहीत होता. आल्या आल्या पाटलांनीच सांगितला होता.

आवणीच्या ऐन दिवसांत तालुक्याहून निरोप आला की दिल्लीहून नियोजनाचे एक साहेब येणार आहेत. शाळेमागच्या गावकीच्या खाचरात नव्या बुटक्या वाणाचं भात दोरी धरून ओळीत लावायचं, ते त्यांना बघायचं होतं. माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. खुद्द योजना माझ्या गावात जीपमध्ये बसून येत होती! फक्त माणसं हवी होती, आणि ती सगळी त्या दिवशी चाचीच्या खाचरात असणार होती.

पारावर जाऊन गावाला विचारता आलं असतं. मी गेलो नाही. गाव नाही म्हणेल हे मला ठाऊक होतं, आणि चाची नाही म्हणणार नाही हेही.

ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"चाची, उद्याचा नंबर मला द्याल का? दिल्लीचे साहेब येतायत."

"आन् माझं खाचर?"

"परवा. मी सगळ्यांशी बोललोय."

मी कुणाशीही बोललो नव्हतो.

"बोललायस न्हवं? मग घे की." तिनं भाकरी उलटली. "दिल्लीवाला काय रोज येतोय व्हय! त्याला जेवाया काय घालतुयास ते सांग आदी."

चाचीनं उद्याचा नंबर मला दिलाय, एवढाच निरोप मी रात्री घरोघर धाडला. दुसऱ्या दिवशी जो पाऊस लागला तो ढोलाच्या तालावर लागल्यासारखा. पानांची इरली पांघरलेल्या बाया, घोंगड्या पांघरलेले बाप्ये, चिखलात ताणलेली दोरी, आवणीला ताल देणारा ढोलवाला, आणि बांधावर मी, शिट्टी घेऊन. शिट्टी का घेतली होती ते मला आजही सांगता येत नाही. जीप ओढ्यात रुतली, तिला बैल लावले, आणि बैलांनी ती अशी दिमाखात आणली की साहेब आत उभे राहून टाळ्या वाजवत होते. सावडीची रीत अशी की बांधावर कोरडा उभा दिसेल त्याला चिखल फासायचा. साहेबांना कोण फासणार म्हणून सगळे थबकले. तेवढ्यात बायांच्या रांगेतून कुणीतरी वर आलं, ओंजळभर चिखल आधी माझ्या तोंडाला फासला आणि उरलेला साहेबांच्या बुशकोटाला पुसला. चाची होती. नंबर सोडला तरी सावडीचं काम कुणाला चुकत नाही, म्हणून ती पहाटेपासून वाकून माझंच भात लावत होती.

"आता लागली योजनेला हळद!" ती ओरडली.

साहेबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाचरात उतरले. एक मूठ रोप लावलं आणि मागं बसले ते सपशेल चिखलात. ढोलवाला थांबेना. पाटील म्हणाले, "उटवू नगा, रुजू द्या त्येला!" हसून हसून बायांना वाकता येईना, दोरी सुटली, आणि पुढच्या दोन-चार ओळी सापासारख्या गेल्या. मी शिट्टी फुंकत ढोलापुढं नाचलो. खोटं कशाला सांगू, आयुष्यात इतका आनंद मला पुन्हा झाला नाही. माझ्या लग्नातही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कालचा चिखल कानात तसाच असताना, मी पाटलांकडं गेलो. आज चाचीचं खाचर घेऊ, म्हणालो.

"आसं कसं? आज दुसऱ्याचं हाय. नंबर सोडला की शेवट, हे तिला म्हाईत हाय की."

"पण साहेब यायचे होते..."

"मग? तिनं आपखुशीनं दिला. दिल्लीवाल्याचा पुळका आला, दिला. कुणी सांगितलं होतं?"

मी सांगितलं होतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. चाची तिथंच, डोक्यावर इरलं घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मीच दिला," आणि त्या दिवशी ज्याचा नंबर होता त्याच्या खाचराकडं चालू लागली. मी काय सांगून नंबर घेतला होता, हे तिनं कुणापुढं काढलं नाही.

तिचा नंबर आला तेव्हा रोप जून होऊन त्याला कांड्या धरल्या होत्या. खाचर लावलं गेलं, पण पीक विरळ आलं, लोंब्या पोकळ निघाल्या. शाळेमागचं बुटकं भात मात्र दाट आलं. तालुक्यात माझं कौतुक झालं. उन्हाळ्यात लग्न झालं, ढोल तोच होता, आणि पुलाव पौडच्या दुकानच्या तांदळाचा. चाची पंगतीत वाढायला आली नाही. मी दोनदा मागून घेतलं, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. पुढच्याच महिन्यात बढतीवर माझी बदली झाली.

बरीच वर्षं गेली. सातवी योजना चालू होती, माझे कानाजवळचे केस पांढरे झाले होते, आणि कामानिमित्त मी पौडच्या एसटी स्टँडवर रांगेत उभा होतो. पुढच्या एका पोरानं कुणा इन्स्पेक्टरला आपली जागा दिली. त्याचा मित्र खिदळला, "काय रं, चाचीचा नंबर दिलास व्हय?"

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"आमच्याकडं म्हंत्यात तसं. सायबापुढं मिरवायला आपलं घालवलं की चाचीचा नंबर."

पोरगा आमच्याच गावचा होता. त्याचा जन्म बहुधा त्या पावसाळ्यानंतरचा. मिरवलो मी होतो, आणि नाव तिचं लागलं होतं. इतकी वर्षं, त्या गावात, रोज, कुणाच्याही तोंडून. मी पुण्याची गाडी सोडली आणि गावाकडच्या एसटीत चढलो.

पावसाच्या तोंडाचे दिवस होते, म्हणून संध्याकाळी पार भरलेला सापडला. सावडीचे नंबर लावणं चालू होतं. पाटलांचा मुलगा आता ते काम बघत होता. चाची कडेला बसली होती, वाळलेली, डोळे तेच. मला ओळखून तिनं हाक मारली, "भाऊसाहेब! शिट्टी आणलीस का?"

सगळे हसले. मलाही हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच मी पारावर चढलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा गप्प बसलो असतो.

"कशाला चढतोस? बस खाली," चाची म्हणाली. तिला कळलं होतं.

"नाही चाची, हे मी उभ्यानंच सांगणार," मी म्हणालो. मग लोकांकडं वळलो. "चाचीनं तिचा नंबर कुणापुढं मिरवायला सोडला नव्हता. परवा तुमचं खाचर लावू, मी सगळ्यांशी बोललोय, असं मी तिला सांगितलं होतं. मी कुणाशीही बोललो नव्हतो. नियम मला माहीत होता. दुसऱ्या दिवशी पाटलांनी विचारलं तेव्हा ती तिथं उभी होती आणि मी गप्प राहिलो. तुम्ही ज्याला चाचीचा नंबर म्हणता तो माझा खोटेपणा आहे. म्हणायचंच असेल तर माझं नाव घ्या." आणि मी खाली उतरून तिच्यापुढं बसलो. "चाची, तुमच्या लेकीच्या पंगतीत तुम्हाला येता आलं नाही, ते माझ्यामुळं. माझं चुकलं. मला माफ करा."