लंबूला दिलं त्या आठवड्यात

रेडिओचं खरं नाव विचारलं तर त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागायचं. सगळ्या गल्लीला तो रेडिओ. बसस्टॉपमागच्या गल्लीत त्याचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, त्यातली एक वर-खाली व्हायची आणि दुसरी एकदा खाली गेली ती गेलीच. सकाळी शटर वर गेलं की याचं तोंड सुरू, ते शटर खाली येईपर्यंत. हात मात्र सोन्याचा, ते नाकारून चालायचं नाही. पण गुपित म्हणाल तर, छे! एखाद्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, याच्या तोंडात तो ओलाही व्हायचा नाही. वायरमनने नोकरी सोडल्याचं घरी लपवलं होतं, ते याने वायरमनच्या सासऱ्याचेच केस कापताना सासऱ्याला सांगून टाकलं. एका नवरदेवाला लग्नाच्या आदल्या दिवशी, "मागून चांगलंच विरळ झालंय हो, तिकडच्यांनी पाहिलंय ना?" असं विचारून त्याची झोप घालवली. मुद्दाम नाही करायचा बिचारा. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच. मग स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायचा.

आणि काय दुर्दैव बघा, नेमक्या अशा माणसाच्या पदरात ते गुपित पडलं.

रेडिओचा थोरला भाऊ, दादा, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करायचा. बाप लवकर गेला, तेव्हा दादानेच धाकट्याला वाढवलं. घराजवळच्या गोदामाच्या मागच्या भिंतीवर बूड नसलेली बादली ठोकून त्याने याला बास्केटबॉल शिकवायचा घाट घातला. याच्या हातात चेंडू काही टिकेना. शेवटी दादा वैतागून म्हणाला, "तुला खेळता येत नाही, तर निदान त्या कठड्यावर बसून बोल तरी." हा बसला आणि बोलला. दादा उडी मारायचा, हा ओरडायचा, "आणि चेंडू बादलीत! काय फेक आहे, मंडळी!" मंडळी कोणी नव्हतीच. रेडिओ हे नाव तेव्हा दादानेच ठेवलं.

तेव्हापासून शहराच्या बास्केटबॉल टीमचा नाद दोघांना लागला तो लागलाच. टीम कसली, पनवती! वर्षानुवर्षं यादीत तळाला. कधी एका गुणाने हरायची, कधी चाळिसाने, पण हरायची. वरच्या टीमांची बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, कधी गाठलीच नाही. दादा आपला दर वर्षी म्हणायचा, "एकदा प्लेऑफमध्ये गेलेली बघायची आहे रे. एकदाच. मग टीव्ही भंगारात घातला तरी चालेल." आणि गेल्या सीझनला खरंच आशा वाटायला लागली होती, कारण टीमला लंबू मिळाला होता. हा खांबासारखा उंच, उलटलेला प्रत्येक चेंडू त्याच्याच हातात. शेवटी थोडक्यात हुकलं. सगळे म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की.

त्याच सुमाराला दादाचे डोळे पिवळे दिसायला लागले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दादाला आत झोपवून ठेवलं आणि वहिनीला आणि रेडिओला बाहेरच्या बाकाजवळ उभं करून सांगितलं, "महिने म्हणा. वर्षं म्हणू नका." वहिनी रडली नाही. भिंतीला टेकली आणि म्हणाली, "भाऊजी, त्यांना कावीळ झालीय. नुसती कावीळ. कळलं ना? खरं कळलं तर हा माणूस त्याच दिवशी हातपाय गाळेल. मी ओळखते त्यांना."

"हो वहिनी."

"मला बाकी कुणाची भीती नाही. तुमच्या तोंडाची आहे. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

रेडिओने शपथ घेतली. आणि खोटं कशाला बोला, पाळलीही. बायकोला सांगितलं नाही, रोज दुकानात येऊन बसणाऱ्या मास्तरांना सांगितलं नाही, की दुपारी दुकानात कोणी नसताना आरशाला सांगितलं नाही. गिऱ्हाईक "दादा कसा आहे?" म्हणालं की हा म्हणायचा, "कावीळ आहे, उतरेल," आणि घाईघाईने पाण्याचा फवारा मारायला लागायचा. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी त्याच्या पोटात राहिलं होतं. त्याचा त्याला अभिमान वाटायचा, आणि अभिमान वाटतो म्हणून लाजही वाटायची.

दादा शनिवारी दाढीला यायचा. पूर्वी त्याच्या गळ्यात कापड बांधताना टोकं जेमतेम भेटायची, आता दोनदा गुंडाळता आलं असतं. गाल इतके आत गेलेले, की वस्तरा फिरवायला कातडी कानाकडे ओढून धरावी लागायची. पण दादा खुशीत असायचा. "औषध लागू पडतंय," म्हणायचा. "आता सीझन सुरू होईपर्यंत मी ठणठणीत."

आणि मग टीमने लंबूला देऊन टाकलं.

टीव्हीवर बातमी आली आणि दुकानात हलकल्लोळ झाला. लंबू गेला दुसऱ्या टीमकडे. बदल्यात आली दोन कोवळी पोरं, मिसरूडही न फुटलेली, आणि पुढची काही वर्षं नव्या खेळाडूंमधून आधी निवड करण्याचा हक्क. टीमचा मॅनेजर सूट घालून पडद्यावर म्हणाला, "आम्ही नव्याने बांधणी करतोय. पाच वर्षांनी ही टीम बघा."

वायरमन म्हणाला, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी! मूर्ख आहेत लेकाचे."

मास्तर, म्हणजे निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, म्हणाले, "लंबूचं वय बघ. गुडघा बघ. दोन वर्षांत तो नुसता बाकावर बसेल. आत्ता विकला म्हणून भाव आला. सौदा शहाणपणाचा आहे."

"शहाणपणाचा?" रेडिओ असा काही उसळला की खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकलं. "डोंबलाचा शहाणपणा! यंदा प्लेऑफ हातात होतं, मास्तर! यंदा! पाच वर्षं कोण थांबणार?"

"आपण इतकी वर्षं थांबलोच की," मास्तर शांतपणे म्हणाले.

आठवडाभर हेच. रेडिओ एरवी कोणत्याही बाजूने बोलायचा, त्याला बोलण्याशी मतलब. पण या वेळी त्याचा आवाज चिरकायचा, डोळे भरून यायचे. वायरमन त्याच्याच बाजूचा, तरी तोही म्हणाला, "अरे, खेळ आहे. किती मनाला लावून घेतोस?" काय सांगणार? दादाला दाखवण्यासारखं जगात एवढं एकच उरलं होतं, आणि तेही त्या सूटवाल्याने दोन पोरांच्या बदल्यात देऊन टाकलं होतं. हे बोलायची सोय नव्हती. मग तो लंबूच्या रिबाउंडबद्दल, उलटलेले चेंडू पकडण्याबद्दल बोलायचा.

शनिवारी दादा आला. उन्हाचे दिवस, तरी अंगात स्वेटर. खुर्चीत बसायला त्याला मास्तरांचा हात लागला. बसला, दम घेतला, आणि डोळे मिचकावून म्हणाला, "ऐकलं, लंबूचं सुतक पाळताय म्हणे इथे."

"तूच सांग दादा," वायरमन म्हणाला, "मूर्खपणा की नाही?"

"मुळीच नाही. झकास काम केलं."

रेडिओ ब्रश फिरवत राहिला. फेस नको इतका झाला.

"मी लिफ्टवाला माणूस," दादा सांगायला लागला. "इमारतीची लिफ्ट कुरकुरायला लागली की लोक म्हणतात, चालतेय ना, चालू दे. ती चालते, चालते, आणि एक दिवस मधेच अडकते. शहाण्याने वेळेवर बंद करावी. लोक जिने चढतील, आपल्याला शिव्या देतील, देऊ देत. नवा दोर घालायचा, नवी मोटर बसवायची. मग बघा, वीस वर्षं बघायला नको."

"बरोबर," मास्तर म्हणाले.

"ती पोरं बघितलीस का रे?" दादा आरशातून रेडिओला म्हणाला. "तो डावखुरा? पाय बघ त्याचे. मी सांगतो, पाच वर्षांनी आपण फायनलमध्ये. तिकीट काढून जाऊ, तू आणि मी. टीव्ही-बिव्ही नाही. समोर बसून."

दुकानाचा एक नियम होता. मागे कधीतरी वादाच्या भरात रेडिओने एकाचा कान कापला होता, तेव्हा दादानेच तो घालून दिला होता. वाद घालायचा, तर आधी वस्तरा मिटायचा. रेडिओने अर्धी दाढी केली होती. त्याने वस्तरा मिटला. सगळ्यांना कळलं, आता हा बोलणार. वायरमन तर मजा बघायला पुढे सरकून बसला.

"पाच वर्षं!" रेडिओ म्हणाला. "जो तो पाच वर्षं, पाच वर्षं! दादा, यंदा जिंकायला हवं होतं. यंदाच!"

"का पण? घाई कसली एवढी?"

"कसली म्हणजे?"

"थांबायला काय जातं तुझं? मला एक कारण सांग. एक तरी धड कारण सांग, मी हरलो म्हणेन." दादा हसत होता. आयुष्यभर त्याने याला असंच हरवलं होतं, कारण विचारून.

"अरे, पाच वर्षांनी तू असणार आहेस का?"

बोलला आणि झालं. कोपऱ्यात टीव्हीवर कसली तरी जाहिरात चालू होती. वायरमनचं तोंड उघडंच राहिलं. रेडिओने कपाळाकडे हात नेला आणि तो मधेच थांबला. देवा, देवा, देवा! आता जीभ कापून ठेवली असती तरी काय उपयोग होता?

"म्हणजे," तो चाचरत म्हणाला, "म्हणजे मी तरी असेन का? कोणाचा काय भरवसा, असं म्हणतोय मी. हो ना मास्तर?"

"हो, हो, तसंच," मास्तर घाईने म्हणाले. "मी तर नक्कीच नसेन."

दादा आरशात बघत होता. आधी रेडिओकडे, मग स्वतःकडे. आत गेलेले गाल, पिवळे डोळे, दुमडून बांधलेलं कापड. त्याने ते सगळं सावकाश, नीट बघून घेतलं.

"तुझ्या वहिनीला माहीत आहे?" त्याने विचारलं.

रेडिओला हो म्हणवेना. नाही म्हणवेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला शब्द सुचला नाही, आणि तेच उत्तर झालं.

"बरं," दादा म्हणाला. "ही बाजू राहिली बघ."

रेडिओने उरलेली बाजू केली. कुठे कापलं नाही. तोंड पुसलं, कापड सोडलं. दादा खुर्चीचे हात धरून उठला. मास्तर पुढे झाले, त्यांना त्याने नको म्हणून खूण केली. दारात पोचल्यावर मागे वळून म्हणाला, "तुझं बरोबर आहे रे. लंबूला द्यायला नको होतं."

पुढच्या शनिवारी दादा आला नाही. रेडिओ वस्तरा, साबण, कापड पिशवीत घालून त्याच्या घरी गेला. वहिनीने दार उघडलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण ती बाजूला झाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आत टीव्हीवर टॉवेल टाकलेला होता. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"दादा, मी काय म्हणतो," रेडिओ फेस करता करता बोलायला लागला, "मी चुकलो होतो. सौदा चांगलाच आहे. लंबूचा गुडघा गेलेलाच होता. तुझं ते लिफ्टचं अगदी पटलं मला. तो डावखुरा काय खेळतो रे! सरावाचं दाखवत होते. तू बघच. त्याचे पाय बघ."

"हं."

"उलट लवकर जमेल त्यांचं. पाच कशाला, यंदाच काहीतरी करून दाखवतील. काय? नाही म्हण ना. चूक आहे का माझं? मास्तर म्हणतात, यंदा शक्यच नाही. तू काय म्हणतोस?"

रेडिओने वस्तरा उघडला, वादासाठी पुन्हा मिटला आणि वाट बघितली. दादाने त्याला बोलू दिलं, संपू दिलं. एवढ्या वर्षांत त्याने धाकट्याचं एकही म्हणणं वाद घातल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"तू म्हणतोस तसंच असेल," दादा म्हणाला, आणि दाढीसाठी गाल पुढे केला.