नाव पुसलेला दगड

पुतणीचा नवरा आयरिश. त्याचे पणजोबा गोंदियात रेल्वेचे ड्रायव्हर होते, इथेच पुरलेले. कबर शोधायचं काम घरातला सर्वांत रिकामा माणूस म्हणून माझ्याकडे आलं.

ख्रिस्ती कब्रस्तानाचा म्हातारा राखणदार चपला फाटकाशी काढून आत शिरतो. इंग्रजी वाचता येत नाही, झाडांवरून कबरी सांगतो. "पळसाखाली गार्डसायब, बोरीपाशी मेमसाब."

चौथ्या खेपेला मी थकलो. नाव पुसलेल्या एका दगडाचा फोटो काढून जावयाला 'हेच पणजोबा' म्हणून पाठवून देतो, असं मोठ्यानेच म्हणालो. राखणदाराने खांद्यावरचा दुपट्टा दगडावर टाकला.

"काऊन जी? यालेबी कोणी धुंडून राहिलं असन."

जावयाला कळवलं, अजून सापडले नाहीत. पाचव्या खेपेला झुडपं छाटायला विळा मीच घरून नेला.