डब्याची पिशवी

सातपूरच्या कारखान्यात वाल्मीकची उभी हयात गेली. सुट्टीला आलेल्या भाचीला, हर्षालीला, मोबाईलवर सिनेमे काढायचं भारी वेड. या रविवारी हिरो मामाच! सीन सोपा होता: बायकोशी भांडून कायमचं घर सोडायचं. पण निघताना वाल्मीकचा हात दर वेळी खुंटीवरच्या डब्याच्या पिशवीकडे जायचाच.

"मामा, अहो घर सोडताय तुम्ही! ड्यूटीवर नाही चाललात!" हर्षाली वैतागली.

शेवटी हात खिशात कोंबून तो निघाला. फाटक ओलांडलं, कोपरा आला. पाय हलके झाले. मागे वळावंसंच वाटेना. खरंच गेलो तर?

"अहो, डबा राहिला!" सवयीने ओरडत बायको पिशवी घेऊन धावत आली.

पिशवी रिकामीच होती. वाल्मीकने ती मुकाट्याने खांद्याला अडकवली.