दहापैकी सात जागा

वाडीतल्या पाटावरून उडी मारताना भाचीचा घोटा मोडला, तेव्हा तिची चिप कारखान्यात जायला पाच आठवडे उरले होते. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं ते सहा आठवड्यांचं.

भाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी, मुंबईच्या एका विद्यापीठात चिप डिझाइन शिकत होती. तिच्या वर्गातल्या मुलांची डिझाइनं एकत्र करून वर्षातून एकदा परदेशातल्या कारखान्याकडे पाठवतात आणि काही महिन्यांनी तिथून खऱ्या चिप येतात. तिचं डिझाइन तापमान मोजणाऱ्या सर्किटचं होतं. दीड वर्षाचं काम, आकाराने तांदळाच्या कणीहून लहान. मुदत होती महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, संध्याकाळी पाचपर्यंत. ती चुकली तर पुढची खेप वर्षभराने, आणि तोवर ती विद्यापीठातून बाहेर पडलेली असणार. डिग्री मिळाली असती, चिप मिळाली नसती.

चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर चालत नाही. ते विद्यापीठाच्या सर्व्हरवर असतं, आणि परवाने दहाच असल्यामुळे एका वेळी दहाच जण ते उघडू शकतात. लॅब तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तेव्हा सर्व्हरचा पडदाच बोर्लीला, आमच्या गावच्या घरी, आणायचं ठरलं, आणि हे काम माझ्याकडे आलं. वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त होऊन मी नुकतीच माहेरी राहायला आले होते. शेवटची काही वर्षं मी घरूनच पानं लावत असे. एवढ्या भांडवलावर घरात मला तज्ज्ञ समजत होते.

पहिला आठवडा घरून सर्व्हर वापरण्याच्या परवानगीच्या अर्जात गेला. अर्ज ईमेलने आला, बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे छापला, भाचीने सही केली, परत स्कॅन करून पाठवला. शिक्का नाही म्हणून तो परत आला. शिक्का विद्यापीठातच होता. मग सर्व्हर सांभाळणाऱ्या सरांनी स्वतः अर्ज छापून, विभागप्रमुखांकडे नेऊन शिक्का मारून घेतला. त्यांची माझी गाठ फोनवरच पडली.

"मॅडम, व्हीपीएन टाकलं का?"

"टाकलं. पण जोडलं जात नाही. प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही म्हणतंय."

"अजून लागू नाही? एक काम करा, लॅपटॉपची तारीख बघा बरं."

लॅपटॉप माझा जुना होता. त्याच्या मते आठ वर्षांपूर्वीचा मार्च महिना चालू होता.

"मॅडम, तुम्ही मागच्या जमान्यातून फोन करताय," सर म्हणाले. "पहिलं आजच्यात या."

तारीख बदलली आणि विद्यापीठाच्या सर्व्हरचं दार उघडलं. पण दर वेळी आत जाताना मोबाइलवर सहा आकडी कोड येतो आणि तो तीस सेकंदांत भरावा लागतो. आमच्याकडे फायबरचं इंटरनेट पडवीत आहे, पण मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी मिळते. भाची प्लास्टर घेऊन पडवीत. म्हणून दादा तिचा मोबाइल हातात धरून विहिरीपाशी उभा राहायचा आणि कोड आला की ओरडायचा. सुपारीच्या झाडांतून आकडे नीट ऐकू येत.

"चार! सात! शून्य! शून्य! दोन! नऊ!"

"बाबा, हळू! हा गुप्त असतो!"

"मग तू ये इथे गुप्तपणे."

तिसऱ्या दिवशी दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भावोजी, आज कुठला आकडा लागला?"

अशा रीतीने काम सुरू झालं. दिवसातून एकदोनदा वीज जायची-यायची, फायबर तुटायचं, पडदा काळा व्हायचा. काळा पडदा पाहून भाची घाबरली, तेव्हा मी तिला डेस्कवरचा नियम सांगितला. लाइन तुटली की पान जिथे उघडं राहिलं असेल तिथे त्याला हात लावायचा नाही. जबरदस्तीने बंद केलं तर आतल्या दुरुस्त्या जातात. नवं उघडायचं आणि पुढे चालायचं. हा नियम मी कित्येक वर्षं पाळला होता आणि त्याने माझं कधी नुकसान झालं नव्हतं. भाचीनेही तो पाळला. दादा विहिरीपाशी जाई, नवा कोड येई, नवा पडदा उघडे. सर्व्हर रोज मध्यरात्री अडकलेले पडदे आपोआप साफ करत असे, त्यामुळे चार आठवडे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

शेवटच्या शुक्रवारी डिझाइन पूर्ण होतं. फक्त शेवटची तपासणी उरली होती. दोन तारांमध्ये पुरेसं अंतर आहे का, थर एकमेकांवर बरोबर बसलेत का, हे सॉफ्टवेअर स्वतःच तपासतं. गर्दी असली की साडेतीन तासही लागतात. भाचीने नऊ चाळीसला तपासणी लावली. नऊ पंचावन्नला वीज गेली आणि आली. पडदा काळा.

"गेली तपासणी," ती म्हणाली.

नवा पडदा, नवी तपासणी. दहा वीसला पुन्हा तेच. दुपारी बारापर्यंत वीज सहा वेळा गेली. दादाचा आवाज बसला. साडेबारा वाजता, सातव्या वेळी लाइन तुटल्यावर, सॉफ्टवेअर उघडलंच नाही. पडद्यावर एक ओळ आली, जागा शिल्लक नाही.

लॅबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीच भडका उडाला होता. 'कोण बसलंय एवढं?' 'आमचंही आजच आहे यार.' भाचीनेही लिहिलं, 'ज्यांचं झालंय त्यांनी प्लीज उठा. काही लोकांना काही वाटतच नाही.' पाच जणांनी त्यावर पसंतीचा अंगठा टाकला.

दीड वाजता सरांचा फोन आला. दादाने विहिरीवर घेतला आणि पडवीतल्या माझ्या फोनवर वायफायने करायला सांगितलं. भाचीने स्पीकर लावला.

"बेटा, ग्रुपवर तूच लिहिलंस ना, काही लोकांना काही वाटत नाही म्हणून?"

"हो सर. कोण आहे ते?"

"तूच आहेस. दहापैकी सात जागांवर तुझं नाव आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं सात सीटवर रुमाल टाकून बसलीयस."



"पण सर, ते तर बंद झाले ना? लाइन तुटली की..."

"लाइन तुटली म्हणजे तुझी खिडकी बंद झाली. आतला माणूस बसलेलाच आहे. परत आलीस की त्याच जुन्या पडद्यावर यायचं. नवीन उघडायला कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हणाले.

सर म्हणाले, "मॅडम, पेपरात चालत असेल."

भाचीने घड्याळ पाहिलं. नव्याने तपासणी लावायची तर साडेतीन तास, म्हणजे पाच वाजून गेले. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज तसा नव्हता.

"सर, सातही बंद करा. बाकीच्यांचंही आजच आहे."

"अगं थांब. आत काय चाललंय ते तर बघू." कळफलकाचा आवाज आला. "सात तपासण्या, एकाच डिझाइनच्या! म्हणूनच सर्व्हर सकाळपासून धापा टाकतोय. ही पहिली... नऊ चाळीसला लागलेली. बेटा, ही संपलीय. एक दहाला."

"संपलीय?"

"तिला तुझ्या विजेशी काय देणंघेणं? दोन चुका दाखवतेय. बाकी सहा मी उठवतो. तू पहिलीवर ये."

दादा विहिरीकडे धावला.

भाचीने ग्रुपवर लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात 'तांत्रिक कारणामुळे' असे शब्द होते. मी ते काढायला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुझं नाव घालू?" मी घाल म्हणाले. तिने नाही घातलं. 'सात जागा माझ्याच होत्या. मघाचा मेसेजही माझाच. सॉरी. सहा मोकळ्या झाल्यात, घ्या.' एवढाच मजकूर गेला. उत्तरादाखल कुणीतरी रुमालाचं चित्र टाकलं. एसटीतल्या रुमालाचं सरांनी तिथेही सांगितलं होतं.

दोन चुका तारांमधल्या अंतराच्या होत्या. त्या वीस मिनिटांत निघाल्या. दोन पंधराला पूर्ण तपासणी पुन्हा लावली. सर्व्हर आता हलका झाला होता, सरांनी दीड तास सांगितला.

तीन वाजता वीज गेली आणि आली. पडदा काळा झाला. दादा सवयीने उठला आणि दोन पावलांवर थांबला. भाचीने लॅपटॉपला हात लावला नाही. आम्ही तिघं पडवीत बसून राहिलो. दादाने सुपारी कातरायला घेतली. "आत चालू असेल ना गं?" त्याने दोनदा विचारलं. "असेल," ती दोन्ही वेळा म्हणाली, दुसऱ्यांदा जरा जोरात.

तीन पन्नासला दादाने त्या दिवसाचा शेवटचा कोड सांगितला. आवाज बसलेला असल्यामुळे शेजारच्या वहिनी गडग्यावर येऊन त्याचे आकडे पुढे ओरडत होत्या. जुनाच पडदा उघडला. तपासणी पाच मिनिटांपूर्वी संपली होती. चुका शून्य.

फाइल चार दहाला पाठवली. पोच चार अडतीसला आली. भाचीने ती आधी मनात वाचली, मग मोठ्याने, मग दादाच्या हातात लॅपटॉप दिला. त्याने चष्मा लावून सगळी वाचली, इंग्रजी असूनही खालच्या बारीक ओळींसकट.

"म्हणजे चिप येणार?"

"सहा महिन्यांनी."

"बरं," दादा म्हणाला, आणि सुपारीचं सूप आत घेऊन गेला. भाचीने पडदा नुसता मिटला नाही. सर्व्हरवर पुन्हा आत जाऊन, जागा मोकळी करून, रीतसर बाहेर पडली.