मनकर्णेनं सांगायला उशीर केला

सावली गावची मनकर्णा गुणवंतरावांच्या नाटक मंडळीत बारा वर्षं राणी व्हायची. चांद्यापासून अहेरीपर्यंत, जिथं मंडईची जत्रा भरेल तिथं मंडळीची बैलबंडी जायची आणि लोक मनकर्णेचं नाव विचारत यायचे. अंगानं ती काटकुळी. चोळीत चिंध्यांच्या घड्या कोंबून उभी राहायची, पण बोलायला लागली की घड्या कोणाच्या ध्यानात राहत नसत.

मग नागपूरची नीलाबाई आली. आधी ती दासी व्हायची. एका पावसाळ्यात मंडळी बंद असताना ती कलकत्त्याला जाऊन आली, आणि दिवाळीनंतर अशी भरली-भरली दिसायला लागली की गुणवंतरावांनी राणीचा शालू तिलाच दिला. मनकर्णेच्या वाट्याला राणीची सासू आली.

नीलाबाईच्या चोळीचे बंद बांधायचं कामही मनकर्णेकडेच होतं. तिथंच तिला कळलं, की आत घडी नाही.

"काय केलं वो तू?" तिनं विचारलं.

नीलाबाई हसली. "सुई घेतली. एक डॉक्टर पातळ मेण भरते छातीत. कोणाले सांगू नको, बाई."

मनकर्णेनं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तिची नजर नीलाबाईच्या अंगावरून हटेना. आरशासमोर, नदीवर, जेवताना ती तिलाच न्याहाळायची. आपणही कलकत्त्याला जावं म्हणून तिनं पत्तासुद्धा पाठ केला होता.

इतकं पाहणाऱ्या बाईला फरक आधी दिसणारच. सुई घेतल्याच्या चौथ्या वर्षी, मार्गशीर्षात, अहेरीच्या मुक्कामी बंद बांधताना तिच्या बोटांना डावी बाजू लागली. लाकडासारखी कडक. उजवीपेक्षा वर चढलेली, आणि खालची कातडी आत ओढल्यासारखी, लालसर.

"दुखते का?" तिनं विचारलं.

"नाई. थंडीनं आखडलं असन."

थंडीनं आखडलेलं असं नसतं, हे मनकर्णेला कळत होतं. तरी ती गप्प बसली. मनात एक गोड कळ उठली होती. होऊ दे वाकडं, दिसू दे लोकांना. पौषभर ती रोज बंद बांधताना बोटांनी चाचपून घ्यायची. कडकपणा वाढत होता, लाली पसरत होती, आणि तिला बरं वाटत होतं.

माघात गोंडपिपरीला नीलाबाई तापानं फणफणली. डाव्या बाजूला कातडी फुटून पाणी यायला लागलं. मनकर्णेनं ते पाहिलं. बंडी जोडून तिनं स्वतःच तिला चांद्याला नेलं, तिथून आगगाडीनं नागपूरच्या इस्पितळात.

तपासणारी डॉक्टरीणबाई वयस्क होती. तिनं विचारलं, "हे कडक व्हायला लागलं कधी?"

"आत्ताच," नीलाबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मनकर्णेकडे पाहिलं. मनकर्णेची मान खाली गेली. "अडीच महिने झाले. मले ठाऊक होतं. मी बोलली नाई."



"दुखलं नाही म्हणजे बरं आहे असं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक बाजू कडक झाली, आकार बदलला, वर चढली की खाली उतरली, गाठ लागली, कातडी लाल झाली की त्याच आठवड्यात यायचं. प्रत्येक वेळी कापावंच लागतं असं नाही, पण ते ठरवायचं आम्ही. आता डावी बाजू काढावी लागेल. उजवी आज मऊ आहे. तिच्यावर नजर ठेवा."

वऱ्हांड्यात बसल्यावर नीलाबाईनं विचारलं, "काऊन नाई सांगतलं?"

"जळत होती तुझ्यावर," मनकर्णा म्हणाली. "अजूनही जळते."

नीलाबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. शस्त्रक्रियेच्या सकाळी मात्र तिनं हात धरायला मनकर्णेलाच हाक मारली.

राणीचा शालू मनकर्णेला परत मिळाला. नीलाबाई आता पेटीजवळ बसून पदं गायची. तिचा गळा इतका मोकळा आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. लोक राणीचं भाषण अर्ध्यात थांबवून म्हणायचे, नीलाबाईंचं पद होऊ द्या. शालू नेसून उभ्या असलेल्या मनकर्णेचे कान तापायचे.

पण दर आठवड्याला ती नीलाबाईची उजवी बाजू तपासायची. दीड वर्षानं, सावलीच्या मुक्कामी एका सकाळी, तिच्या बोटाखाली वाटाण्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती, लाली नव्हती.

"ऊठ," ती म्हणाली. "मोटार सुटते आता."

"खेळ झाल्यावर जाऊ ना."

"खेळ गेला उडत. आत्ता निघाचं."

नागपूरच्या इस्पितळात गाठ वेळेत काढली. थोडंच कापावं लागलं, चार दिवसांत सुटी झाली. येताना मोटारीत नीलाबाई सहज गुणगुणायला लागली, तर पुढच्या बाकावरची माणसं माना वळवून ऐकायला लागली. मनकर्णेनं पदर दोन्ही कानांवर ओढून घेतला आणि खिडकीबाहेर पाहत बसली.